निळाई नदीपलीकडे गेली

अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्याला फुलांची दुकानं ओळीने लागली आहेत. त्या ओळीत भरदुपारी ज्या दुकानाचं शटर अर्धं खाली दिसेल ते गजेंद्रचं. पहाट फुलबाजाराची, सकाळ देवीची, संध्याकाळ पुन्हा देवीची आणि लग्नाच्या हारांची. मधली दुपार काय ती माणसाच्या वाट्याला येते. शेजारचे दुकानदार त्या दुपारी तोंडावर ओलं फडकं घेऊन आडवे होतात. गजेंद्र घरी जातो, पौर्णिमाने, म्हणजे बायकोने, वाढलेलं भराभर पोटात घालतो, आणि चाळिशीला टेकलेला, कानावरचे केस पिकलेला हा गृहस्थ राक्षस मारायला बसतो.

हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. पौर्णिमाही आधी हसली होती. आता ती हसत नाही, उलट त्या वेळी दाराची कडी कोणी वाजवली तर हळू आवाजात सांगते, "ते कामात हायेत."

खेळ तसा सांगायला सोपा. जुन्या काळचं एक जग, त्यात आपली सहा माणसं. एक कुऱ्हाडवाला, एक मंत्रवाला, एक जखमा बऱ्या करणारा, असे एकमेकांना सांभाळून घेणारे. त्यांना घेऊन गावोगाव हिंडायचं. वाटेत माणसं भेटतात, काहीबाही विचारतात. खाली दोन-तीन उत्तरं लिहिलेली असतात, त्यातलं एक निवडायचं, आणि त्या उत्तराप्रमाणे पुढची वाट बदलते. मारामारी लागली की खेळ थांबवायचा, सहाही जणांना एकेक काम नेमून द्यायचं, आणि मग सोडायचं. खेळाचं इंग्रजी नाव भलं लांब आहे. गजेंद्रच्या घरात त्याला पहिल्यापासून 'सहाजणं' म्हणतात.

पहिल्यापासून म्हणजे वीस-बावीस वर्षांपासून. तेव्हा राजकमल चौकाकडचं एक सायबर कॅफे बंद पडलं आणि तिथला एक कॉम्प्युटर गजेंद्रच्या वडिलांनी, नत्थुजींनी, हातगाडीवर घालून घरी आणला. पोराने फुलं विकू नयेत, ऑफिसात बसावं, एवढाच त्यामागचा विचार. कॉम्प्युटरच्या पोटात काय काय भरलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पोटात 'सहाजणं' होतं. ऑफिस राहिलं बाजूला, पोरगा तलवार घेऊन निघाला.

अडचण एकच होती. गजेंद्र शिकला मराठी शाळेत, आणि खेळातली माणसं इंग्रजीशिवाय बोलत नव्हती. तीही थोडंथोडकं नव्हे. पानंच्या पानं बोलत. पहिले काही दिवस त्याने शब्दकोश मांडीवर घेतला. तोवर समोरचा राक्षस काही थांबत नसे असं नाही, पण सतरा वर्षांचं पोरगं थांबत नव्हतं. मग त्याने एक युक्ती काढली. खाली दिलेल्या उत्तरांतलं जे सगळ्यात लहान असेल ते दाबायचं. शब्द कमी, तर अर्थाची भानगडही कमी, असा हिशोब.

आता लहान उत्तर कुठल्याही भाषेत काय असतं ते सांगायला नको. भिकारी भीक मागे, सहाजणं म्हणत, नाही. म्हातारी रस्ता विचारी, नाही. पहारेकरी नाव विचारी, तर सगळ्यात आखूड उत्तर असे 'मारा'. थोड्याच दिवसांत त्या मुलखात सहाजणांचं नाव असं काही झालं की दुकानदार तोंडावर दार लावत आणि पोरं पळून जात. गजेंद्रला वाटे, हे जगच मुलखाचं खडूस आहे.

कॉम्प्युटर समोरच्या खोलीत होता, कारण विजेचा बोर्ड तिथेच होता. संध्याकाळी त्याच खोलीत आई, केशरबाई, दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचे हार ओवत बसे आणि नत्थुजी पेपर घेऊन बसत. केशरबाईला अक्षर येत नव्हतं, पण डोळा तिखट. तिने दोन दिवसांत सहाही जणांचं बारसं करून टाकलं. कुऱ्हाडवाला भीमराव. दाढीवाला मंत्रवाला मास्तर. औषधपाणी करणारा महाराज. बुटका ठेंगू. गजेंद्रचा नायक गजूच. आणि सहावी, निळ्या झग्यातली, केस मोकळे सोडलेली, तिरकमठा घेतलेली पोरगी होती, ती निळाई.

"मास्तरले मांगं ठेव बाप्पा," केशरबाई सुई न थांबवता सांगे. "एका फटक्यात मरते थो." आणि गजेंद्र मास्तरला मागे ठेवी.

निळाईचं मात्र एक होतं. मोठ्या नदीपाशी सहाजणं पोचले की ती थांबे, काहीतरी लांबलचक बोले, काहीतरी विचारी. गजेंद्र लहान उत्तर दाबी. आणि निळाई पाठ फिरवून पुलावरून निघून जाई, ती कायमची. त्याने खेळ पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिला, दोनदा, तीनदा. दर वेळी ती नदीपाशी निघून गेली. मग त्याने मान्य केलं की हिचं नशीबच असं.

त्याच सुमाराला त्याची मोठी बहीण आरती घरातून निघून गेली होती. चंदन नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा भला, अकोल्याला छापखान्यात कामाला, पण जातीबाहेरचा. ती गेली त्या दिवशी गजेंद्र क्लासला होता. परत आला तर घरात चूल थंड होती. नत्थुजी एरवीही शब्द मोजून वापरणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी एवढंच म्हटलं, की या घरात तिचं नाव निघणार नाही, आणि केशरबाईला अंबादेवीची शपथ घ्यायला लावली.

केशरबाईने शपथ पाळली. कशी पाळली, तर अक्षरशः. पुढच्या वर्षी गजेंद्रला अकोल्याच्या आयटीआयला प्रवेश मिळाला, आणि तो बडनेऱ्याहून गाडीने जाऊ-येऊ लागला. बहिणीला भेटू लागला. पहिल्या भेटीनंतर स्वयंपाकघरात आईला सांगायला गेला, "माय, आज म्या..." तर तिने पिठाचा हात त्याच्या तोंडावर ठेवला. "शपथ हाये मले," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, पण हात काढला नाही. देवीला दिलेला शब्द घरच्या माणसाच्या पाठीमागे मोडायचा नसतो, अशी ती बाई होती.

त्या संध्याकाळी गजेंद्र खेळायला बसला. नदी आली, निळाई गेली. केशरबाई हार ओवता ओवता स्क्रीनकडे बघत होती. नत्थुजी पेपरामागे होते.

"कोठी गेली रे थे पोट्टी?" केशरबाईने विचारलं.

गजेंद्रला काय सुचलं कोण जाणे. "नदीपलीकडं राह्यते आता," तो म्हणाला. "दोन खोल्या हायेत. गॅस हाये."

सुई थांबली. "गॅस हाये?"

"हाये. सासू बी बरी हाये. बारीक झाली थोडी, पण हासते."

केशरबाईने एक निशिगंध उचलला, ओवला, दुसरा उचलला. "बरं झालं," ती म्हणाली. "हासते तर बरं झालं."

त्या दिवसापासून त्या घरात टपाल सुरू झालं. नाव कोणी घेतलं नाही. शपथेला धक्का लागला नाही. निळाई शिवणकाम शिकली, निळाईने जिन्याखाली तुळस लावली, निळाईला टायफॉइड झाला आणि उतरला. गजेंद्र इकडे भीमरावाला अजगराच्या अंगावर सोडी आणि तोंडाने अकोल्याची हकीकत सांगे. एकदा केशरबाई म्हणाली, "त्या खेळात निळाईले डिंकाचे लाडू देता येत असन काय?" गजेंद्र म्हणाला, "येते न. पण डब्बा भरून द्या लागते." दुसऱ्या दिवशी त्याच्या जेवणाच्या डब्याशेजारी दुसरा डबा होता. हसावं की रडावं असा प्रकार, पण त्या दोघांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे.

आणि मग एका संध्याकाळी, सहाजणं एका गुहेत मरणाच्या दारात असताना, गजेंद्र म्हणाला, "निळाईले पोरगं झालं, माय. दोघंबी मजेत हायेत."

केशरबाई उठली, देवापुढे दिवा लावला, कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणवले. एक पेढा नत्थुजींच्या पेपरावर ठेवला. नत्थुजींनी तो कशाचा हे विचारलं नाही. खाल्ला आणि पान उलटलं.

नत्थुजींना यातलं काही कळत नाही, याबद्दल मायलेकांना तिळमात्र शंका नव्हती. पेपरात तोंड घालून बसलेला माणूस बहिरा असतो, असा आपल्याकडे बायकापोरांचा जुना समज आहे.

पुढे कॉम्प्युटर बसला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले, आणि सहाजणं त्या गुहेतच राहिले. गजेंद्रचं ऑफिस झालं नाही, फुलंच झाली, आणि खरं सांगायचं तर तो फुलांत रमला. काही वर्षांपूर्वी केशरबाई गेली. आरती अकोल्याहून आली, बायकांच्या घोळक्यात कडेला उभी राहिली, आईच्या पायावर डोकं टेकून, कोणाशी न बोलता परत गेली. नत्थुजींनी मान वर केली नाही. तेराव्यानंतर गजेंद्रने धीर करून विचारलं, "ताईले बोलावू काय?" उत्तर आलं, "नाई." आरतीला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा म्हनतीन तवा येईन. त्याच्या आधी नाई." बाप तसा लेक. दोघांच्या मधे गजेंद्र, नव्वद-शंभर किलोमीटरच्या रस्त्याच्या दोन टोकांना दोन दगड ठेवून मधे उभा राहिल्यासारखा.

अलीकडे नत्थुजींचं हृदय कुरकुर करू लागलं. डॉक्टरांनी जिने चढू नका, त्रास करून घेऊ नका, असं सांगितलं. गजेंद्रला रात्रंदिवस एकच घोर लागला होता. हा माणूस लेकीशी एक शब्द न बोलता गेला, तर आपण ताईला काय तोंड दाखवायचं?

अशातच गेल्या दसऱ्यानंतर, झेंडूची धांदल संपून हाताला जरा उसंत मिळाली तेव्हा, त्याला मोबाईलवर दिसलं की 'सहाजणं' पुन्हा निघालंय. तोच खेळ, पण कोणी कोणी खपून त्याची जुनी चित्रं उकलून काढली होती, घासूनपुसून पुन्हा रंगवली होती, अक्षरं मोठी केली होती, तेव्हाच्या चुका काढून टाकल्या होत्या. त्याने मुलीच्या अभ्यासाच्या लॅपटॉपवर तो उतरवून घेतला आणि वायर लावून टीव्हीवर सोडला.

पहिली दुपार तो खेळला नाही, नुसता बघत राहिला. जुन्या धुरकट पडद्यावर जे मातीच्या रंगाचे ठिपके होते त्यांचं आता गाव झालं होतं. दोऱ्यांवर कपडे वाळत होते. कौलांवर शेवाळ होतं. नदी खरोखर वाहत होती आणि पुलाच्या खांबाशी पाणी फुटत होतं. वेशीपाशी एक काळपट ढिगारा होता, तेव्हा तो त्याला कचरा समजून रोज ओलांडून जायचा. ती बाई होती. टोपली पुढ्यात घेऊन बसलेली फुलवाली. एवढी वर्षं तिथे बसून होती बिचारी. गजेंद्रने पौर्णिमाला हाक मारून ती फुलवाली दाखवली.

"एकेक पाकळी काढली हाये, पाह्य," तो म्हणाला. कोणा परक्या देशातल्या माणसाने, आपल्याला जन्मात न भेटणाऱ्या माणसाने, कोणी बघेल न बघेल अशा कोपऱ्यातल्या टोपलीत एकेक पाकळी पुन्हा बसवली होती. हार ओवणाऱ्याला त्या कामाची किंमत सांगावी लागत नाही. देवळात गेल्यासारखा तो गप्प झाला.

आणि मग अक्षरं. आता ती वाचता येत होती. व्यवहाराने, मोबाईलने, मुलीच्या शाळेने मधल्या वर्षांत त्याला इंग्रजी हळूहळू शिकवलं होतं. अडलेला शब्द मोबाईलला विचारायचा. भिकारी भिकारी नव्हताच, तो वेश बदललेला राजा होता, आणि भाकर दिली तर वाट दाखवत होता. म्हातारी रस्ता विचारत नव्हती, सांगत होती. मास्तरला एक मेलेला भाऊ होता आणि तो शेकोटीपाशी त्याच्याबद्दल बोलत असे. ठेंगूला गाता येत होतं. ज्या जगाला त्याने खडूस म्हटलं होतं ते जग पहिल्यापासून हात पुढे करून उभं होतं. खडूस सहाजणंच होते. गजेंद्र खेळ थांबवून उगाच छताकडे बघत बसे. केवढं मोठं होतं हे, आणि आपण त्यातून आंधळ्यासारखे तलवार फिरवत गेलो!

नत्थुजी त्या खोलीतच असत, खिडकीशी, खुर्चीत. पेपर आता डोळ्यांना झेपत नव्हता. गजेंद्रला वाटे, म्हातारा डुलक्या घेतोय. पण एका दुपारी डाकू अंगावर आले, गजेंद्र घाईत माणसं लावत होता, तोच खिडकीतून आवाज आला.

"मास्तरले मांगं ठेव. एका फटक्यात मरते थो."

गजेंद्रच्या हातातला माऊस थांबला. त्याने वळून पाहिलं. नत्थुजी टीव्हीकडे बघत होते.

"बाबा, तुमाले मास्तर ठाऊक हाये?"

"दाढीवाला न? आन थो कुऱ्हाडीचा भीमराव. बुटका मेला होता एकदा, तुही माय जेवली नव्हती."

बुटका मेला होता, हे खरं होतं. केशरबाई जेवली नव्हती, हेही खरं होतं. गजेंद्र स्वतः ते विसरला होता. पेपरामागचा माणूस जर ठेंगूचं मरण ऐकत होता, तर आणखी काय काय ऐकत होता? पण विचारायची हिंमत झाली नाही. तो मुकाट्याने मास्तरला मागे घेऊन पुढे खेळत राहिला.

त्या दिवसापासून नत्थुजींची खुर्ची खिडकी सोडून टीव्हीपुढे आली. पौर्णिमा दोघांना चहा देई आणि बघत उभी राही. म्हातारा फारसं बोलत नसे. मात्र दुपारी गजेंद्रला घरी यायला उशीर झाला, की दाराशी येऊन उभा असे.

आणि एका दुपारी नदी आली.

निळाई पुलाशी थांबली. तिचा चेहरा गजेंद्रने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. झग्याची किनार सुद्धा दिसत होती. ती बोलू लागली. गजेंद्रने यावेळी घाई केली नाही. एकेक शब्द लावत वाचलं, आणि वाचून झाल्यावर तो खुर्चीत मागे टेकला.

"काय म्हनते थे?" नत्थुजींनी विचारलं.

"म्हनते, पलीकडं माही मानसं हायेत, मले जा लागते." गजेंद्र पुढची ओळ वाचू लागला. "मंग इचारते... मी कधी परत आली तर तुमच्या शेकोटीपाशी मले जागा राहीन काय?"

नत्थुजी म्हणाले, "आपुन तवा काय म्हटलं होतं?"

"नाई म्हटलं होतं, बाबा. दर खेपेले. सगळ्यात लहान उत्तर तेच होतं. मले वाटे थे आपल्या मनानंच जाते."

पौर्णिमा दारात चहाचा कप घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"आरतीनंबी हेच इचारलं होतं," नत्थुजी म्हणाले.

बावीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्या घरात निघालं, आणि ज्याने बंद केलं होतं त्याच्याच तोंडातून निघालं.

"दारात उभी होती. पिशवी हातात. म्हने, बाबा, मी कधी आली तर येऊ देसान न? तुही माय माह्याकडं पाहून राह्यली होती. मीनंबी नाईच म्हटलं." त्यांनी हाताने गुडघा दाबला. "आपल्या मनानं नाई गेली थे. मी धाडली."

गजेंद्रला हे ठाऊक नव्हतं. ना आईने सांगितलं, ना बहिणीने. एवढी वर्षं दोघींनी म्हाताऱ्याची ती 'नाई' झाकून ठेवली होती, त्याच्याच लेकरापासून.

"निळाईचं पोट्टं आता केवढं असन?" नत्थुजींनी विचारलं.

मग गजेंद्रला सगळं कळलं. गॅस, तुळस, टायफॉइड, लाडू, पेढा. मायलेकांनी ज्याच्यापासून लपवून टपाल चालवलं, तो रोज संध्याकाळी पेपर उघडून त्या टपालासाठीच बसत होता. केवढा धीर, आणि केवढा हट्ट! याचं नवल करावं की याला धरून गदागदा हलवावं हे गजेंद्रला कळेना. त्याने डोळे पुसले.

"कालेजात जाते, बाबा. तुमच्यावानीच उंच हाये. फोन लावू काय ताईले? बोलावतो. आजच येईन थे."

"थे काहून येईन?" नत्थुजी एकदम तापले. "नाई मी म्हटलं होतं, का तिनं? पाय मलेच उचला लागन." मग आवाज खाली आला. "लेकीले लेकरू झाल्याबिगर बापानं तिच्या घरचं पानी पेऊ नाई, असं आपल्यात हाये. तिले तं कितीक वर्साआधी झालं. तवापासून मले चालते तिच्या घरचं पानी." ते खुर्चीचा हात धरून उठू लागले. "पेढा खाल्ला त्याच दिवशी माह्या मनात आलं होतं. उठ, गाडी काढ."

"बाबा, जिना हाये तिथं. दुसऱ्या माळ्यावर राह्यते थे."

"मंग हळूहळू चढू."

गजेंद्रने आधी टीव्हीकडे पाहिलं. निळाई उत्तरासाठी थांबली होती. खाली तीन उत्तरं होती, त्यातलं सगळ्यात लांब, दोन ओळींचं उत्तर त्याने शोधलं आणि दाबलं. तिने काय म्हटलं ते वाचायला तो थांबला नाही.

फुलांची व्हॅन निघाली. पौर्णिमा दुकानात बसायला गेली. मागच्या बाजूला सकाळच्या शेवंतीचा वास भरून होता आणि नत्थुजी पुढच्या सीटवर, धुतलेली टोपी घालून बसले होते. मूर्तिजापूरला गजेंद्रने चहाला थांबू का विचारलं. ते म्हणाले, "नाई. काही घेत नाई आता." तेव्हा मात्र त्या 'नाई'चं गजेंद्रला हसू आलं.

अकोल्याचा जिना चढायला बापलेकांना फार वेळ लागला. दोन-दोन पायऱ्यांवर नत्थुजी भिंतीला टेकत, छातीवर हात ठेवत, आणि गजेंद्रचा जीव टांगणीला लागे. फोन करू दिला नव्हता. दार आरतीनेच उघडलं. केस अर्धे पिकलेले, हाताला कणीक. तिने भावाला पाहिलं, मग त्याच्यामागे भिंत धरून उभ्या असलेल्या माणसाला पाहिलं, आणि दाराची चौकट धरली.

नत्थुजींना धाप लागली होती. येताना वाटेत काही बोलायचं ठरवलं असेल तर ते जिन्यातच कुठे सांडलं होतं.

"पानी दे," ते म्हणाले.

आरती आत पळाली. कणकेच्या हातानेच तिने पेला भरून आणला. नत्थुजी उंबरठ्याच्या आत, तिच्या घरात, जमिनीवर बसले होते. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटून सगळा संपवला, आणि रिकामा पेला लेकीपुढे धरून म्हणाले, "अजून दे."